एका क्षणाचा कौल

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सराफकट्ट्यावर जाऊन आलेल्या गृहिणींनी एक गोष्ट हटकून पाहिलेली असेल. जुन्या पद्धतीच्या काट्यावर सोने तोलायचे असले, की सराफ आधी पंखा बंद करायला सांगतो, पेटीची काच ओढून घेतो आणि मगच पारडी अधांतरी सोडतो. गिऱ्हाईकसुद्धा नकळत श्वास रोखून धरते. त्या दोन-चार सेकंदांत वाऱ्याची एक झुळूक आली तर गुंजभर सोन्याचा घोळ व्हायचा! हीच झुळूक पारडी सोडण्यापूर्वी आली असती, किंवा वजन वाचून झाल्यावर आली असती, तर कोणाच्या बापाचे काही गेले नसते. झुळूक तीच, जोरही तेवढाच. पण ती कोणत्या क्षणी आली यावर सगळे अवलंबून.

आज बहुतेक पेढ्यांवर विजेचे काटे आले आणि काचेच्या पेटीतला आकडा पाहून आपण पैसे मोजतो. पण म्हणून जुना तराजू नाहीसा झाला असे मात्र समजू नका. त्या विजेच्या काट्याच्या पोटात, नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर, एक अतिसूक्ष्म तराजू बसलेला असतोच. त्याच्या दोन पारड्यांत सोन्याऐवजी दोन विद्युत्‌दाब येतात. घड्याळाचा ठोका पडला, की तो एकच प्रश्न सोडवतो : डावे जड की उजवे? आणि एकच उत्तर देतो : 'एक' किंवा 'शून्य'. पुढच्या ठोक्याला पाटी कोरी करून पुन्हा तोच प्रश्न. याला इंग्रजीत 'क्लॉक्ड कंपॅरेटर' म्हणतात. आपण त्याला 'ठोक्याचा काटा' म्हणू.

हा काटा सराफापुरता नाही. आपल्या खिशातला फोन, चिरंजिवांचा कॅमेरा, बँकेतली यंत्रे, समुद्राच्या तळावरून परदेशातले संदेश आणणाऱ्या तारांची टोके, सगळीकडे तो आहे. तारेतून येणारा संदेश निघताना खणखणीत असतो, पण पोचेपर्यंत तो इतका मलूल आणि वेडावाकडा होतो, की 'एक' कोणता आणि 'शून्य' कोणता हे कोणीतरी ठरवावेच लागते. वेगवान तारेच्या टोकाशी हा निवाडा सेकंदाला एक हजार कोटी वेळा होतो. आपण मनीऑर्डरीच्या जागी आता फोनवरून पैसे पाठवतो, त्यातला प्रत्येक आकडा वाटेत अशा अनेक काट्यांवर तोलला जातो. तेव्हा हा काटा किती वेळा चुकतो, आणि का चुकतो, हे जाणून घेण्यात आपलाही थोडा स्वार्थ आहेच.

महाबळेश्वरचा थेंब

सराफाचा काटा आणि ठोक्याचा काटा यांत एक मोठा फरक आहे. सराफाचा काटा हलत-डुलत अखेर मध्यावर येऊन स्थिरावतो. ठोक्याच्या काट्याचा स्वभाव नेमका उलटा. त्याला मध्यावर राहवतच नाही. त्याच्या आत दोन ट्रान्झिस्टर-जोड्या एकमेकींच्या पाठीला पाठ लावून जोडलेल्या असतात. एकीचे जरासे खाली गेले की दुसरी वर चढते, दुसरी वर चढली की पहिलीला आणखी खाली रेटते. दोन शेजारणींच्या भांडणासारखे हे वाढतच जाते, आणि काही क्षणांत एक पार तळाला तर दुसरी पार माथ्याला जाऊन बसते.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबाची कल्पना करा. कड्याच्या पूर्वेला घसरला तर तो कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणार. पश्चिमेला घसरला तर सावित्रीबरोबर अरबी समुद्रात. माथ्यावर असताना वाऱ्याची फुंकर त्याचे भवितव्य फिरवू शकते. वाईपर्यंत पोचलेल्या थेंबाला मात्र वादळसुद्धा कोकणात नेऊ शकत नाही.

या वाढीचे गणित मोठे मौजेचे आहे. काट्यातील फरक ठराविक वेळाने दुप्पट होत जातो. आजच्या चकत्यांत ही दुपटीची वेळ म्हणजे काही पिकोसेकंद. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख-कोटीवा भाग. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश दहा पिकोसेकंदांत जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्ध्या बासमती तांदळाएवढा! आता सुरुवातीचा फरक एक मिलिव्होल्ट असेल, तर तो एक व्होल्ट व्हायला दहा दुपटी पुरतात. कारण दोनाला दहा वेळा गुणले की १०२४ होतात. फरक हजारपट लहान असेल तर वीस दुपटी. आणखी हजारपट लहान, तर तीस. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पण फरक शून्यच असेल तर? शून्याची दुप्पट शून्यच. मग काटा मध्यावरच लटकून राहणार.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला डावी-उजवीकडे फुले किंवा पाकळ्या लावतात आणि उजवी पडली की अमुक, डावी पडली की तमुक, असा कौल मानतात. कधी कधी दोन्ही चिकटून राहतात. अशा वेळी गुरव थांबतो, गाऱ्हाणे पुन्हा घालतो. मंडळी ताटकळत बसतात. ठोक्याच्या काट्यालाही असा प्रसंग येतो. फरक एवढाच, की पुढचा ठोका कोणासाठी थांबत नाही.

ही गोष्ट आज आपण सहज सांगतो, पण एके काळी ती मोठमोठ्या अभियंत्यांना पटत नव्हती. 'यंत्र म्हणजे हो किंवा नाही; मधले काही नसते', अशी त्यांची श्रद्धा. इंग्लंडच्या आयव्हर कॅट यांनी १९६६ साली या धोक्याकडे लक्ष वेधले होते. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९७३ साली आपला निबंध छापला, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. सरळ छायाचित्रे दाखवली. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर यंत्राचे उत्तर 'एक' आणि 'शून्य' यांच्या मधोमध रेंगाळताना स्पष्ट दिसत होते. डोळ्यांनी पाहिल्यावर बोलणार काय?

गणकशास्त्रातले नामांकित विद्वान लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तर १९८४ साली याला तत्त्वाचे रूप दिले. दोन सारख्या गवताच्या गंज्यांच्या बरोबर मध्ये उभे राहून उपाशी मेलेल्या गाढवाची गोष्ट युरोपात चौदाव्या शतकातल्या बुरिडान नावाच्या फ्रेंच पंडिताच्या नावावर सांगतात. (त्याच्या उपलब्ध लेखनात हे गाढव कोठेच सापडत नाही, ही आणखी एक गंमत.) लॅम्पोर्ट यांचे म्हणणे असे, की सतत बदलणाऱ्या राशीवरून 'हो की नाही' ठरवायचे असेल, तर तो निर्णय ठराविक मुदतीत होईलच अशी हमी कोणालाही देता येणार नाही, ना गाढवाला, ना यंत्राला, ना रेल्वेच्या फाटकाशी 'जाऊ की थांबू' म्हणून घुटमळणाऱ्या मोटारवाल्याला. १९८४ साली लिहिलेले हे टिपण एका शास्त्रीय नियतकालिकात छापून यायला २०१२ साल उजाडले.

तीनशे सतरा वर्षांचे गणित

कौल न मिळणे हे एक संकट. खोटा कौल मिळणे हे दुसरे, आणि व्यवहारात तेच जास्त छळते.

रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये येणारी खरखर जुन्या लोकांनी पुष्कळ ऐकली आहे. तिचा काही भाग आकाशातून येतो आणि काही भाग यंत्राच्या स्वतःच्या अंगातला असतो. कोणत्याही वाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चुळबूळ चालू असते आणि तिची खरखर होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ती मोजली, नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. दोघेही मूळचे स्वीडनचे. ही खरखर कारागिरीतला दोष नसून उष्णतेचाच धर्म आहे, त्यामुळे कितीही पैसे मोजले तरी ती विकत घेऊन गप्प करता येत नाही. एक पिकोफॅरडच्या धारकावर आपल्या खोलीच्या तापमानाला ती सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट भरते. धारक शंभरपट लहान केला तर ती दहापट होते. आणि आजच्या चकतीवरची मंडळी दिवसेंदिवस लहानच होत चालली आहेत.

म्हणजे सराफाचा पंखा कधी बंदच होत नाही, अशी ही अवस्था. मग वजने चुकणार किती?

तारांच्या व्यवहारात नेहमीचा दंडक असा, की लाख कोटी निवाड्यांत सरासरी एकापेक्षा अधिक चूक चालणार नाही. ऐकायला हे फारच कडक वाटते. पण सेकंदाला हजार कोटी निवाडे होत असतील तर याचा अर्थ दर शंभर सेकंदांना एक चूक. या लेखाचे एक पान वाचेपर्यंत एक झालीसुद्धा!

आता काटा बनवणाऱ्या अभियंत्याची अडचण पाहा. चकती एकदा कोरली की तिच्यात खाडाखोड नाही. नवीन चकती यायला महिने लागतात आणि खर्च डोळे पांढरे करणारा. म्हणून ती कोरण्यापूर्वीच गणकयंत्रावर तिचा खोटा खेळ मांडून पाहावा लागतो. याला 'सिम्युलेशन' म्हणतात. आपण रंगीत तालीम म्हणू. पण लाख कोटींत एक होणारी चूक तालमीत दिसणार कधी? समजा, गणकयंत्र एका निवाड्याची तालीम सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकते. तरी लाख कोटी तालमींना सुमारे ३१७ वर्षे लागतील. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या दिवशी हे गणित सुरू केले असते तर ते १९९१ साली संपले असते. आणि एवढ्या तपश्चर्येचे फळ काय? सरासरी एक चूक. तिच्यावरून काही ठरवायचे तर आणखी दहा-वीस तरी पाहिल्या पाहिजेत.

तेव्हा चुका मोजत बसण्याचा रस्ता बंद. दुसरी वाट शोधणे आले.

कर्करोग नावाचा प्रोग्रॅम

मंडलांच्या तालमीची ही विद्या जन्मली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात. रोनाल्ड रोहरर नावाच्या तरुण प्राध्यापकाने १९६९-७० च्या सुमारास आपल्या वर्गालाच मंडलांचे गणित करणारा प्रोग्रॅम लिहायला बसवले. लॉरेन्स नेगल हा त्यातला एक विद्यार्थी. प्रोग्रॅम तयार झाला आणि त्याचे नाव ठेवले 'कॅन्सर'! त्या काळी असे बरेच प्रोग्रॅम लष्कराच्या पैशावर चालत आणि त्यांत अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गाचा मंडलावर होणारा परिणाम काढण्याची सोय लागे. या पोरांनी नावातच 'किरणोत्सर्ग वगळून' असे ठणकावून सांगितले, आणि त्या शब्दांची आद्याक्षरे जुळून हे नाव आले. विद्यार्थ्यांच्या अभिरुचीची चर्चा न करणेच बरे. पुढे डोनाल्ड पेडर्सन यांनी नेगल यांना मार्गदर्शन केले. प्रोग्रॅम सर्वांना मोकळा हवा, असा पेडर्सन यांचा आग्रह होता. त्यातून १९७३ साली 'स्पाइस' जन्माला आला. आज जगात कोणतीही चकती कोरण्यापूर्वी स्पाइसच्या कुळातल्या कोणत्या तरी प्रोग्रॅमवर तिची तालीम होते.

या रोहरर यांचीच दुसरी एक कल्पना आपल्या कथेला फार जवळची आहे. मंडलातल्या कोणत्या भागाची खरखर शेवटच्या उत्तरात किती उतरते हे कसे काढावे? सरळ रीत म्हणजे एकेका भागात थोडी खरखर सोडायची आणि उत्तर पाहायचे. भाग शंभर असतील तर शंभर खेपा. रोहरर आणि स्टीफन डायरेक्टर यांनी १९६९ साली उलटी वाट दाखवली. कृष्णेच्या पाचशे ओढ्यांपैकी प्रत्येकात रंग ओतून दर वेळी सांगलीला धाव घेण्यापेक्षा सांगलीहून एकदाच नदीकाठाने वर चालत जावे. वाटेत कोणता ओढा किती पाणी देतो ते आपोआप कळत जाते. गणितात उत्तराच्या टोकाला टिचकी मारून मंडल उलटे चालवले, की सगळ्या भागांचा हिशेब एकाच खेपेत मिळतो. १९७१ साली खरखरीच्या गणितासाठी ही युक्ती वापरली गेली. घड्याळाच्या ठोक्यावर सतत रूप पालटणाऱ्या मंडलांना हाच उलटा न्याय कसा लावावा, यावर आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीतील शांती पवन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगले काम केले आहे.

झोक्याला धक्का केव्हा द्यावा?

पण ठोक्याच्या काट्याला नुसते 'किती' पुरत नाही. 'केव्हा' हा खरा प्रश्न. आणि 'केव्हा'चे उत्तर आले ते झोक्यावरून, म्हणजे लंबकावरून.

नागपंचमीच्या झोक्याला धक्का देणाऱ्या मुलींना हे शास्त्र उपजतच कळते. झोका अगदी खाली, पूर्ण वेगात असताना त्याच दिशेने धक्का दिला तर तो अधिक उंच जातो, पण त्याचा ताल बिघडत नाही. तो टोकाला जाऊन क्षणभर थबकलेला असताना छोटा धक्का दिला तर उंची फारशी बदलत नाही; ताल मात्र पुढे-मागे होतो. घड्याळाच्या लंबकाविषयी हे गणित इंग्रज ज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८२६ सालीच मांडले होते. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १९९८ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील अली हाजीमिरी आणि थॉमस ली यांनी विजेच्या आंदोलकांसाठी त्याचे व्यापक रूप तयार केले. आंदोलनाच्या प्रत्येक क्षणी एक इवलीशी टिचकी मारायची आणि ताल किती ढळला ते टिपून ठेवायचे. त्या टिपणांची जी वक्ररेषा निघते तिला त्यांनी 'इम्पल्स सेन्सिटिव्हिटी फंक्शन' म्हटले. मराठीत 'टिचकीची संवेदनरेषा' म्हणायला हरकत नसावी.

मग प्रश्न निघाला, की आंदोलकाला जमते ते काट्याला का जमू नये? २००८ आणि २००९ साली जेहा किम, ब्रायन लीबोविट्झ, मेथा जीरादित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या निबंधांनी हा प्रश्न चोख सोडवला. (किम पुढे दक्षिण कोरियात सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक झाले.)

वाचक म्हणतील, काटा तर 'एक' किंवा 'शून्य' एवढेच बोलतो. त्याच्या उत्तरात टिचकीचा बारीक परिणाम दिसणार कसा? शंका रास्त आहे. त्यावर उपाय असा, की काट्याला पुरता पडू द्यायचाच नाही. दोन्ही पारडी जवळजवळ समतोल ठेवायची, ठोका द्यायचा, आणि थेंब अजून माथ्यावर रेंगाळत असतानाच तो किती कलला हे बघायचे. या अवस्थेत काटा अगदी सरळमार्गी वागतो : टिचकी दुप्पट तर कल दुप्पट, दोन टिचक्या मारल्या तर दोन्हींच्या कलांची बेरीज. ज्याचा स्वभाव एरवी आडमुठा, तो या एका नाजूक क्षणी साध्या त्रैराशिकाने हिशेबात सापडतो. मला या सगळ्या विद्येतले मर्म येथे वाटते. जो क्षण अभियंते पूर्वी टाळत होते, ज्याच्या अस्तित्वाविषयीच शंका घेत होते, त्याच क्षणात शिरून काट्याची परीक्षा घ्यायची!

मग गणकयंत्र कामाला लागते. ठोक्याच्या आधी पन्नास पिकोसेकंद टिचकी मारली : कल शून्य. चाळीस आधी : शून्य. कारण काटा तेव्हा पाटी पुसण्यात गुंतलेला असतो. आधीचे सारे पुसले जाते. ठोका पडतो. आता टिचकीचा परिणाम दिसू लागतो, झपाट्याने वाढतो, शिखर गाठतो आणि पुन्हा उतरू लागतो. थोड्याच वेळात परत शून्य, कारण थेंब उतरणीला लागलेला. कागदावर एक लहानशी टेकडी उमटते. (प्रत्यक्षात इतक्या वेगळ्या टिचक्या मारत बसावे लागत नाही. एकाच ठोक्याची पुनरावृत्ती होणाऱ्या मंडलांचे गणित झटपट करण्याच्या रीती १९९५ च्या सुमारास केन कुंडर्ट, जेकब व्हाइट प्रभृतींनी बसवल्या. त्यांतून ही टेकडी मिनिटांत मिळते.)

या टेकडीत बघण्यासारखे पुष्कळ आहे. पहिले म्हणजे तिचे शिखर ठोक्याच्या क्षणी येतच नाही. ठोका पडल्यावर जरा वेळाने येते. टोल ऐकून कान टवकारायला काट्यालाही अवधी लागतो. तो अवधी ठाऊक नसेल तर संदेश ऐन भरात असताना काट्याचे लक्ष नसायचे, आणि त्याचे लक्ष जाईपर्यंत पुढचा संदेश दारात यायचा.

दुसरी गोष्ट टेकडीची रुंदी. ती म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते. पळत्या पोराचा फोटो सावकाश पडद्याने काढला तर पोर पुसट येते. वेगवान संदेशाचेही तसेच. मग टेकडी अरुंदच करावी? करता येते, पण अंधुक उजेडात घाईने काढलेल्या फोटोवर जशी रवाळी दिसते, तशी येथे खरखर अधिक बोचते. यात कोणाला किती माप घालायचे हे मंडल रचणाऱ्याच्या हातात. तसाच एक बहुप्रचलित काटा 'स्ट्राँगआर्म' नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील डिजिटल कंपनीच्या १९९६ सालच्या एका गणक-चकतीवरून हे नाव पडले. मूळ रचना मात्र जपानातील तोशिबा कंपनीच्या कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे आधीच प्रसिद्ध केली होती. राबले कोण आणि नाव कोणाचे, हा प्रकार सिलिकॉनच्या दुनियेतही आहेच. किम-जीरादित मंडळींनी हा काटा आणि दुसऱ्या जातीचा एक काटा प्रत्यक्ष चकतीवर कोरून त्यांच्या टेकड्या मोजल्या.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. काट्यातल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरची स्वतंत्र टेकडी काढता येते. खरखर सगळेच करतात. पण जो ऐन क्षणी करतो त्याचीच बाधा होते. बैठकीत गवई सम लावताना मांडव घालणाऱ्याने हातोडा आपटला तर रसभंग. तोच हातोडा सतार जुळवताना आपटला तर कोणी मान वर करून पाहत नाही. हे कळल्यावर अभियंता सगळ्या काट्यावर पैसा उधळत बसत नाही. नेमका ऐन क्षणी बोलणारा ट्रान्झिस्टर तेवढा रुंद करतो, बाकीच्यांना आहे तसे ठेवतो.

आणि त्या ३१७ वर्षांचे काय झाले? प्रत्येक भागाची खरखर त्याच्या टेकडीच्या उंचीच्या वर्गाने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. काट्याची एकूण खरखर एका आकड्यात मिळते. समजा ती एक मिलिव्होल्ट आली. उष्णतेची खरखर घंटेच्या आकाराच्या प्रसिद्ध वक्ररेषेने विखुरते, तेव्हा लाख कोटींत एकच चूक हवी असेल तर पारड्यांत निदान सातपट, म्हणजे सात मिलिव्होल्ट फरक पाहिजे. झाला हिशेब! पडताळाही सोपा आहे. पारड्यांत खरखरीएवढाच, म्हणजे एक मिलिव्होल्ट फरक ठेवून हजारभर निवाडे करून पाहावेत. शंभरात सुमारे ८४ बरोबर आले की गणित जमले. जे काम शिवराज्याभिषेकापासून सुरू करायला हवे होते ते दुपारच्या चहापूर्वी उरकते.

राहता राहिला न मिळणारा कौल. त्याला टेकडी काढून औषध सापडत नाही. तेथे वाट पाहणे हाच उपाय. पण दुपटीचे गणित येथे आपल्या बाजूने उभे राहते : दहा दुपटींइतका वेळ जास्त दिला, की काटा लटकून राहण्याचा संभव सुमारे हजारपट कमी होतो; वीस दुपटी दिल्या, तर दहा लाखपट. म्हणून अभियंते काट्याच्या पाठीमागे आणखी एक तसाच निवाडा करणारा बसवतात. पहिल्याने दिलेला कौल दुसरा लगेच उचलत नाही, एक ठोका सोडून उचलतो. सेकंदाला शंभर कोटी ठोके पडणाऱ्या चकतीत त्या एका ठोक्याच्या उसंतीत शे-दोनशे दुपटी आरामात मावतात.